दाढेची सूज आणि श्वासाची वाट

भाद्रपदातील संध्याकाळ होती. लालबागच्या एका जुन्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर मला तातडीने बोलावले होते. खोलीत शिरलो तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचे अण्णा खाटेच्या कडेला पाय सोडून, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवून, मान पुढे काढून बसले होते. हनुवटीखालचा सारा भाग एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत सुजलेला होता. मांडीवर पंचा होता आणि त्यावर तोंडातून लाळ ठिबकत होती. मी विचारपूस केली, तर त्यांनी उत्तर दिले. पण तोंडात गरम घास धरून कोणी बोलावे, तसा तो आवाज होता.

सूनबाई सांगू लागल्या, "डॉक्टर, चार दिवसांपूर्वी खालची दाढ दुखत होती. गोळ्या घेतल्या, दुखायचं थांबलं. आम्हाला वाटलं, उतार पडला. काल रात्रीपासून गिळता येईना. आडवे झाले की घाबरे होतात आणि उठून बसतात."

मी रुग्णालयात न्यायला सांगताच चाळीतील मुले धावली. जुन्या लाकडी जिन्याच्या वळणावर स्ट्रेचर वळत नाही, हे चाळीत वाढलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. म्हणून नेहमीच्या सवयीने त्यांनी जाड चादर अंथरली. "अण्णांना यात निजवा, आम्ही चौघे चार टोकं धरतो." मी म्हणालो, "चादर नको. हातांची खुर्ची आणा. यांना बसलेलेच न्यायचे."

मुलांना ते पटायला क्षणभर वेळ लागला. आजारी माणसाला निजवायचे, आराम द्यायचा, ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. पण जबडा आणि गळा यांच्या संसर्गात हीच रीत जिवावर बेतू शकते. तसे का होते, हे घरातील ज्येष्ठांना आणि त्यांची देखभाल करणाऱ्यांना समजावे, यासाठी हा लेख.

दाढेतून गळ्यात

किडलेल्या दाढेतील जंतू आधी तिच्या आतील मज्जेत आणि तेथून मुळाच्या टोकाशी जातात. तेथे पू साचतो. मज्जा निकामी झाली, किंवा पुवाला हाडातून बाहेर पडायला वाट मिळाली, की दाब उतरतो आणि ठणका कमी होतो. रुग्ण सुटकेचा निःश्वास टाकतो. प्रत्यक्षात आजार तेव्हा हाडाबाहेर पडून मऊ भागात पसरू लागलेला असतो. दुखणे थांबले आणि सूज वाढली, तर ती सुधारणा समजू नये.

खालच्या जबड्याच्या आतील बाजूस एक पातळ, पसरट स्नायू असतो. झोळीसारखा तो जिभेखाली ताणलेला असतो आणि तोंडाचा तळ त्यानेच बनतो. पुढच्या दातांची मुळे बहुधा या स्नायूच्या वर संपतात. मागच्या दोन दाढांची, म्हणजे दुसऱ्या दाढेची आणि अक्कलदाढेची मुळे मात्र त्याच्या खालपर्यंत उतरलेली असतात. त्यामुळे या दाढांचा पू थेट जबड्याखालच्या कप्प्यात, म्हणजे गळ्याच्या वरच्या भागात उतरतो. एका बाजूचा कप्पा जिभेखालच्या कप्प्याशी जोडलेला असतो आणि तो दुसऱ्या बाजूच्या कप्प्याशी. संसर्गाला या वाटा मोकळ्याच असतात.

बाहेरून जबड्याचे हाड आडवे येते, म्हणून आतील सूज आत आणि वर सरकते. ती जिभेला उचलते आणि मागे ढकलते. जिभेच्या मागे श्वासाची वाट असते. घशाच्या भिंती आणि श्वासनलिकेवरचे नाजूक झाकण यांवरही सूज आली, की ती वाट अरुंद होत जाते. चघळण्याचे स्नायू आखडतात आणि तोंड उघडेनासे होते. थोडक्यात, बाहेर दिसते ती हनुवटीखालची सूज. खरा धोका आत, जिभेच्या मागे असतो.

जर्मनीतील स्टुटगार्टचे वैद्य विल्हेल्म फ्रीडरिश फॉन लुडविग यांनी १८३६ मध्ये या आजाराचे वर्णन केले, म्हणून त्याला 'लुडविग्ज अँजायना' म्हणतात. रुग्णालयाच्या कागदावर हे नाव वाचून पुष्कळ घरांत हृदयविकाराचा समज होतो. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ 'गळा आवळणे' असा आहे. हृदयाशी येथे संबंध नाही. प्रतिजैविके नव्हती त्या काळात या आजाराचे निम्म्याहून अधिक रुग्ण दगावत. आज वेळेवर पोहोचलेले बहुतेक रुग्ण बरे होऊन घरी जातात. प्रश्न उरतो तो वेळेचा आणि वाटेत श्वास सुरू राहण्याचा.

माझी चूक

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. शनिवारची रात्र होती आणि दवाखान्यात गर्दी होती. साठीचे एक गृहस्थ दाढदुखीची तक्रार घेऊन आले. गाल सुजला होता, अंगात ताप होता. मी नाडी पाहिली, प्रतिजैविक आणि वेदनाशामक लिहून दिले आणि सोमवारी दंतवैद्यांकडे जाण्यास सांगितले. मी त्यांना तोंड पूर्ण उघडायला लावले नाही. जिभेखाली पाहिले नाही. घोटभर पाणी गिळून दाखवा, असे म्हटले नाही.

रविवारी रात्री त्यांना पडल्यावर झोप येईना. घरच्यांनी मायेपोटी शेजाऱ्यांकडची झोपेची गोळी दिली आणि निजवले. पहाटे त्यांना रुग्णालयात नेले, तेव्हा फार उशीर झाला होता.

त्यांच्या पत्नी पुढे कित्येक वर्षे माझ्याकडे रक्तदाबाच्या औषधासाठी येत असत. त्यांनी मला कधी दोष दिला नाही. तो माझा मी घेतला आहे. त्या दिवसापासून दाढदुखीचा एकही रुग्ण मी तोंड आणि गळा तपासल्यावाचून सोडला नाही. घरच्यांनीही तीच तपासणी शिकून घ्यावी, असे मला वाटते. कारण शनिवारची रात्र प्रत्येक घरात येते.

घरच्या घरी काय पाहावे

तपासणी दोन मिनिटांची आहे. रुग्णाला खुर्चीवर बसवा आणि हाताशी विजेरी ठेवा.

पहिली गोष्ट, तोंड किती उघडते. निरोगी माणसाच्या तोंडात त्याची स्वतःची तीन बोटे एकावर एक उभी ठेवून मावतात. दोन बोटेही मावत नसतील, तर दुखणे दाढेपुरते राहिलेले नाही.

दुसरी गोष्ट, गिळणे. सहज घोट घेता येतो का? स्वतःची लाळ गिळता येते, की ती ओठांतून गळते? उशीचा अभ्रा सकाळी नेहमीपेक्षा अधिक ओला दिसणे, ही खूण अनेकदा घरातील बाईच्याच नजरेस येते.

तिसरी गोष्ट, जीभ आणि तिच्या खालचा भाग. जीभ वर उचललेली दिसते का? ती बाहेर काढता येते का? जिभेखालचा भाग फुगून दातांच्या पातळीला आला आहे का?

चौथी गोष्ट, गळा. हनुवटीखाली अलगद बोट लावा. तेथे लाकडासारखा टणकपणा लागतो का? सूज दोन्ही बाजूंना आहे का? ती मानेवर खाली उतरत आहे का?

पाचवी गोष्ट, आवाज आणि श्वास. आवाज जड, कोंदट झाला आहे का? श्वास आत घेताना घरघर किंवा शिट्टीसारखा आवाज येतो का? आणि सर्वांत महत्त्वाचे, रुग्णाला आडवे पडवते का? जो माणूस आपणहून उठून पुढे वाकून बसतो, त्याचे शरीर श्वासाची वाट मोकळी ठेवण्यासाठी धडपडत असते. त्याला खांदे धरून निजवू नका.

यांपैकी एकही खूण दिसली, तर सकाळची वाट पाहू नये.

ज्येष्ठांच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी हवी. वय झालेल्या शरीरात मोठ्या संसर्गातही ताप बेताचाच येतो, कधी येतही नाही. मधुमेह असेल तर संसर्ग झपाट्याने पसरतो, आणि संसर्गामुळे साखर आणखी चढते. स्मृतिभ्रंश झालेली व्यक्ती 'दाढ दुखते' असे सांगू शकत नाही. ती जेवण नाकारते, कवळी बसवू देत नाही किंवा एका गालावर सारखा हात ठेवते. आजी 'हट्ट करतात' असे म्हणण्यापूर्वी त्यांच्या तोंडात विजेरीचा उजेड टाकून पाहावे.

खाली उतरताना

अण्णांना त्या संध्याकाळी हातांच्या, उंच पाठीच्या खुर्चीत बसवले. घसरू नयेत म्हणून कमरेभोवती सुती साडी गुंडाळून खुर्चीला बांधली. छाती आणि गळा मोकळा ठेवला. दोघांनी पाठ धरली, दोघांनी पुढचे पाय. खुर्ची फारशी मागे कलू न देता, एकेक पायरी मोजत मुलांनी त्यांना खाली उतरवले. गणेशोत्सवाचे दिवस, दर्शनाच्या रांगांमुळे गल्लीत गाडी शिरणे शक्य नव्हते. म्हणून रुग्णवाहिका हमरस्त्यावर थांबवली आणि तेथपर्यंतही अण्णा खुर्चीतच गेले. मंडळाच्या कार्यकर्त्यांनी गर्दीतून वाट काढून दिली.

निजल्यावर नेमके काय होते? पाठीवर झोपताच सुजलेली जीभ स्वतःच्या वजनाने मागे पडते आणि उरलीसुरली फट झाकते. न गिळलेली लाळ घशात साचते. झोपेच्या गोळीने घशाचे स्नायू आणखी सैल पडतात आणि गुदमरल्यावर जागे करणारी शरीराची सूचनाही मंदावते. म्हणून बसणे, पुढे झुकणे आणि लाळ बाहेर वाहू देणे, हाच या रुग्णाचा आराम.

या वेळी काही गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. झोपेचे वा गुंगीचे औषध देऊ नये. पेज, दूध, काढा बळेबळे पाजू नये. ते श्वासनलिकेत जाण्याची भीती असते, शिवाय शस्त्रक्रियेसाठी पोट रिकामे असलेले बरे. सुजेवर शेक, लेप किंवा चोळणे नको. घशात बोट घालून पू फोडण्याचा प्रयत्न तर कधीच करू नये. लवंगेचे तेल साध्या दाढदुखीत घटकाभर बरे वाटण्यापुरते ठीक आहे. गळ्यापर्यंत आलेल्या सुजेवर तो उपाय नव्हे.

रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक फिरवावा. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ पासून सुरू आहे. फोनवर 'दाढ दुखते' असे न सांगता 'गळ्याला सूज आहे, श्वास आणि गिळणे अडते आहे' असे स्पष्ट सांगावे. कोठे न्यायचे, हेही आधी ठरवावे. जेथे रात्रंदिवस भूलतज्ज्ञ, कान-नाक-घसातज्ज्ञ, मुखशल्यतज्ज्ञ आणि अतिदक्षता विभाग असतो, तेथेच या रुग्णाची सोय होते. गिरगाव ते दादर या पट्ट्यात राहणाऱ्यांच्या आवाक्यात परळचे केईएम, मुंबई सेंट्रलचे नायर आणि भायखळ्याचे जे. जे. अशी मोठी सार्वजनिक रुग्णालये आहेत. नायरला लागूनच दंत महाविद्यालय आहे. शासकीय दंत महाविद्यालय सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारात आहे. केवळ दाढेसाठी तेथील बाह्यरुग्ण विभाग उत्तम. श्वास अडत असेल, तर मात्र थेट मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे.

सोबत औषधांची यादी घ्यावी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर ते आवर्जून सांगावे. त्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, इन्सुलिन शेवटचे केव्हा घेतले, पूर्वीच्या शस्त्रक्रियेत भूल देताना काही अडचण आली होती का, हे एका कागदावर लिहून न्यावे. कवळी काढून डबीत ठेवावी.

भूलतज्ज्ञांना इतकी काळजी का वाटते?

येथून पुढचे काम माझ्यासारख्या जनरल प्रॅक्टिशनरचे नाही. पण रुग्णालयाच्या बाकावर बसलेल्या नातेवाइकांना जे सांगितले जाते, ते त्या घाईत उमगत नाही. म्हणून ते आधीच समजून घ्यावे.

एरवी शस्त्रक्रियेत रुग्णाला आधी पूर्ण भूल देतात, मग तोंडातून श्वासनलिकेत नळी घालतात. अण्णांच्या स्थितीत तोंड उघडत नाही, जीभ सुजलेली असते आणि स्वरयंत्र दिसत नाही. रुग्ण जागा असतो तोवर तो आपल्या स्नायूंच्या बळावर वाट धरून ठेवतो. भूल दिली की ते बळ जाते आणि नळी बसण्यापूर्वीच वाट मिटू शकते. म्हणून अशा वेळी अनेकदा रुग्णाला जागे ठेवूनच नळी घालतात.

'जागेपणी नळी' हे शब्द ऐकून घरचे हबकतात. अण्णांचा मुलगाही कळवळून म्हणाला, "अहो, आधी भूल द्या, त्यांना त्रास नको." पण ती निष्ठुरता नसून सावधगिरी असते. रुग्णाला बसते वा अर्धवट बसते ठेवतात. नाकपुडीत थेंब घालून रक्तवाहिन्या आक्रसून घेतात, औषध फवारून नाक आणि घसा बधिर करतात आणि नाकावाटे प्राणवायू चालू ठेवतात. मग पेन्सिलीहून बारीक, लवचीक दुर्बीण नाकातून हळूहळू आत सरकवतात. तिच्यावर नळी आधीच ओवलेली असते. स्वरयंत्र दिसले, दुर्बीण श्वासनलिकेत उतरली, की तिच्यावरून नळी आत जाते. श्वासाची सोय पक्की झाल्यावरच पूर्ण भूल मिळते. थोडे ठसकल्यासारखे होते, अस्वस्थ वाटते. पण बहुतेक रुग्ण ते सहन करतात.

या युक्तीचा उगमही मोठा मनोरंजक आहे. १९६७ साली लंडनमध्ये पीटर मर्फी या भूलतज्ज्ञाने पित्तनलिका पाहण्याची लवचीक दुर्बीण सांध्यांच्या विकाराने जखडलेल्या एका रुग्णाच्या नाकातून घालून नळी बसवली. आणि शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञ 'तोंड उघडा, जीभ बाहेर काढा' म्हणून पडजीभ दिसते का पाहतात, ती परीक्षा भारतात जन्मलेले आणि अमेरिकेत काम करणारे डॉ. शेषगिरी मल्लमपती यांच्या नावाने १९८५ पासून जगभर ओळखली जाते.

आपल्या परळचाही यात वाटा आहे. अवघड श्वासमार्ग कसा हाताळावा, याविषयी अखिल भारतीय संघटनेने २०१६ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. प्रौढांमध्ये नळी घालणे अनपेक्षितपणे अवघड ठरले तर काय करावे, या भागाच्या पहिल्या लेखिका टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या डॉ. शीला नैनन मायात्रा आहेत. प्रयत्न चालू असतानाही प्राणवायू देत राहावा, पुन्हा पुन्हा प्रयत्न करून सूज वाढवू नये, मदत लवकर बोलवावी आणि सारे मार्ग खुंटले तर गळ्याच्या पुढून वाट करण्यास कचरू नये, असा त्यांचा गाभा आहे.

गळ्याला भोक

शेवटचा मुद्दा नातेवाइकांना सर्वांत जड जातो. संमतिपत्रावर 'ट्रॅकिऑस्टॉमी' हा शब्द असतो. वरून नळी जाणे शक्य नसेल, तर गळ्याच्या खालच्या भागात लहान छेद देऊन श्वासनलिकेत थेट नळी बसवतात. हे कामही जागा बधिर करून, रुग्ण जागा असताना करता येते.

'गळ्याला भोक पाडू देणार नाही,' असे म्हणून मुले सही अडवतात, गावाकडच्या काकांना फोन लावतात, मोठा भाऊ येईपर्यंत थांबा म्हणतात. त्यांची भीती मी समजतो. आपल्याकडे अशी नळी पाहिलेली असते ती बहुधा कर्करोगाच्या रुग्णाला, आणि ती कायमची असते, असा समज असतो. जबड्याच्या संसर्गात ती बहुधा तात्पुरती असते. ती असेपर्यंत रुग्णाला बोलता येत नाही, म्हणून पाटी किंवा वही जवळ द्यावी. सूज ओसरली की नळी काढतात आणि छिद्र सहसा काही दिवसांत ते काही आठवड्यांत आपोआप बुजते. मागे राहतो तो लहानसा व्रण. म्हणून ही चर्चा शांतपणी, आधीच करून ठेवावी. जो हजर असेल त्याला सही करण्याचा अधिकार घराने द्यावा.

नळी बसल्यावर जबड्याखाली छेद देऊन पू काढतात, दोषी दाढ उपटतात आणि शिरेतून प्रतिजैविके देतात. 'सूज असताना दाढ काढत नाहीत' हा जुना समज आहे. केव्हा काढायची ते तज्ज्ञ ठरवतात, पण मूळ कारण काढल्यावाचून आजार हटत नाही. शस्त्रक्रियेनंतर नळी लगेच काढली नाही, तर घाबरू नये. सूज उतरायला दोन-तीन दिवस किंवा त्याहून अधिक लागू शकतात आणि घाईने काढलेली नळी पुन्हा घालणे पहिल्याहून कठीण असते. घरी सोडताना 'श्वासमार्ग अवघड होता' अशी नोंद कागदावर मागून घ्यावी. पुढे मोतीबिंदूपासून गुडघ्यापर्यंत कोणत्याही शस्त्रक्रियेआधी तो कागद भूलतज्ज्ञांना दाखवावा.

तंबाखू, सुपारी आणि न उघडणारे तोंड

गिरणगावात दवाखाना चालवताना एक गोष्ट पदोपदी जाणवते. गिरणीत कापसामुळे आगीची भीती, म्हणून खात्यात विडी ओढण्यास मनाई असे. कामगार गालात तंबाखूची चिमूट धरत. घरी बायका मिश्री लावत. गिरण्या गेल्या, सवय राहिली, आणि पुढच्या पिढीने तीत सुपारीच्या पुड्यांची भर घातली. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. पण सुपारीची सवय मोडलेली नाही.

सतत सुपारी चघळल्याने गालांच्या आतील नरम अस्तर पांढुरके, ताठ होते आणि त्यात दोऱ्यासारखे पट्टे तयार होतात. तोंड वर्षागणिक कमी उघडते. पुढे त्यातून कर्करोग होण्याचा धोका असतोच. पण भूलतज्ज्ञांच्या दृष्टीने आणखी एक संकट असते. सूज-वेदनेमुळे मिटलेले तोंड भुलीने कधी कधी सैल पडते; सुपारीने ताठलेले तोंड भुलीनेही उघडत नाही. अशा माणसाची दाढ सुजली, तर त्याची वाट आधीच अर्धी मिटलेली असते.

इथपर्यंत येऊच नये म्हणून

महिन्यातून एकदा घरातील ज्येष्ठांच्या तोंडात विजेरीने पाहावे. कीड, हलणारा दात, हिरडीवरची पुळी, गालातील न भरणारी जखम दिसली, तर दंतवैद्य गाठावा. 'आता या वयात दातांवर खर्च कशाला' हे वाक्य घरातून हद्दपार करावे. मोडलेल्या दाढेचा हिरडीत राहिलेला खुंट दुखत नाही, म्हणून तो निरुपद्रवी ठरत नाही. कवळी रोज काढून धुवावी आणि रात्री पाण्यात ठेवावी. मधुमेहींनी साखर आटोक्यात ठेवावी. २०२१ च्या करोनालाटेत म्युकरमायकोसिसने किती जणांचे जबडे काढावे लागले, हे आपण पाहिले आहे. त्यांतील कित्येकांची साखर अनावर होती. हाडांच्या ठिसूळपणासाठी ॲलेंड्रोनेट किंवा झोलेड्रोनिक आम्लासारखी औषधे चालू असतील, किंवा तोंडा-मानेवर किरणोपचार झाले असतील, तर दात काढण्यापूर्वी ते दंतवैद्यांना जरूर सांगावे. अशा जबड्याच्या जखमा लवकर भरत नाहीत. आणि उरलेल्या प्रतिजैविकांच्या गोळ्या मनाने घेऊन सूज 'दाबू' नये.

अण्णांची साखर त्या रात्री तीनशेच्या वर निघाली. नाकातून दुर्बिणीच्या साहाय्याने नळी बसली, पू निघाला, अक्कलदाढ गेली. ट्रॅकिऑस्टॉमीची वेळ आली नाही, तरी मुलाने त्या कागदावरही आधीच सही केली होती. तिसऱ्या दिवशी नळी काढली. अनंत चतुर्दशी उलटल्यावर अण्णा घरी आले.

पुढच्या आठवड्यात पट्टी बदलायला मी गेलो, तर ते गॅलरीत त्याच खुर्चीत बसले होते. आवाज स्वच्छ होता. म्हणाले, "डॉक्टर, बाप्पाच्या आधी माझीच मिरवणूक काढलीत की!"

चाळीतील मुलांनी आता ती खुर्ची जिन्याशेजारी कायमची ठेवली आहे. तुमच्या मजल्यावरही अशी एक खुर्ची असू द्या, आणि ती कशासाठी ठेवली आहे हे शेजाऱ्यांना सांगून ठेवा.